बायको भाव करते, मला लाज वाटते, आणि पुढच्या महिन्यात बाली!

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढलंय):

"ताई, मी साताऱ्यात राहतो, वय 34, एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअरला आहे. बायको घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. लग्नाला सहा वर्षं झाली, मुलगी चार वर्षांची. दोघंच असं कुठं गेलोच नाही, एकदा गणपतीपुळे झालं ते पण घरातले नऊ जण एका गाडीत. आता पुढच्या महिन्यात बालीला पाच रात्री जायचं ठरलंय, मुलगी कराडला आजीकडं राहील. बजेट सगळं मिळून 1 लाख 30 हजार, त्यातले 60 हजार तिच्या भिशीचे. अडचण अशी की तिला बाजाराचं वेड आहे, कुणाला काय आणायचं अशी 19 जणांची यादी आत्ताच तयार आहे. आणि ती भाव फार करते. गेल्या वर्षी महाबळेश्वरच्या बाजारात 350 ची चप्पल हिनं 180 ला मागितली, दुकानदार सगळ्यांसमोर म्हणाला, 'परवडत नसेल तर हात कशाला लावता?' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, सरळ पार्किंगला जाऊन गाडीत बसलो. परदेशात असं झालं तर? मी विचार करतोय की बाजार नसलेलं पॅकेज घ्यावं, नाहीतर तिकडं पैसे सगळे माझ्याकडंच ठेवावेत. तिला न दुखावता शॉपिंग कशी बंद करू? ता.क. विमानाची तिकिटं 58 हजारांची झाली, ती मी क्रेडिट कार्डावर 9 महिन्यांच्या ईएमआयवर काढलीत. तिला बोनस आला असं सांगितलंय."

दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला एकाच जागी अडखळले. ती चप्पल शेवटी कितीला मिळाली? 350 सांगितली होती हे तुम्ही लिहिलंत, वहिनींनी 180 ला मागितली हे लिहिलंत, दुकानदार काय बोलला ते तर शब्द न शब्द लिहिलंय, आणि मग तुम्ही थेट पार्किंगला. पुढचं काहीच नाही. म्हणजे तुम्ही विचारलंच नाही असं दिसतंय. असू दे, त्याच्याकडं परत येते.

आधीच सांगते, या विषयात मी काही मधली पंच नाही. आम्ही कासार. माझी आई कोरेगावच्या बाजारात बांगड्या भरायची, शाळा सुटली की मी तिच्या शेजारी पोत्यावर जाऊन बसायचे, त्यामुळं भाव करणाऱ्या बायका मी ढिगानं बघितल्यात. आईला भाव करणाऱ्या गिऱ्हाईकाचा राग कधी आला नाही. तिला राग यायचा तो दोघांचा. एक म्हणजे अर्धा तास सगळा माल उलटापालटा करून, भाव ठरवून, हात पुढं करून मग "राहू द्या" म्हणणारी, आणि दुसरा म्हणजे लांब उभा राहून बायकोला "चल गं, कशाला तोंडाला लागतीस त्यांच्या" म्हणणारा नवरा. दुसऱ्यात तुम्ही बसता, वाईट वाटून घेऊ नका.

आणि एक गंमत बघा, वहिनी राजवाड्याजवळच्या मंडईत मेथीची पंधराची जुडी बाराला घेतात तेव्हा तुम्हाला लाज वाटत नाही, कारण तुम्ही तिथं नसता. घरी तुमच्या ताटात नुसती भाजी येते. भिशीचे 60 हजार कुठनं आले असं वाटतंय तुम्हाला? ब्लाउजची शिलाई आहेच, पण शिलाईचे पैसे घरात खर्चून न टाकता बाजूला पडतात ते अशा तीन-तीन, पाच-पाच रुपयांनीच पडतात. म्हणजे जी सवय तुम्हाला बालीत नकोय त्या सवयीनंच तुमच्या बालीचा जवळपास अर्धा खर्च उचललाय. तुम्ही पत्रात तिला "बाजाराचं वेड" म्हणलंय, मी त्याला कसब म्हणेन.

आता बालीची भीती. तिथं बाजारात भाव करणं ही रीतच आहे, दुकानदार चढा भाव सांगतो तोच मुळी तुम्ही कमी करून मागावा म्हणून, आणि न मागता पैसे काढून दिलेत तर तो मनात हसतो. आम्ही दोघं 2019 ला गेलो होतो. बालीची राजधानी देनपसार, तिथनं उबुद गावाला जाताना मध्ये सुकावती लागतं, तिथला कलाबाजार प्रसिद्ध आहे, उबुदच्या बाजारातला पुष्कळ माल तिथं स्वस्त पडतो. आम्ही सकाळी लवकर गेलो, दुकानं नुकती उघडत होती. एका मावशीनं सरोंगचे, म्हणजे लुंगीसारख्या कापडाचे, दीड लाख रुपिया (रुपिया म्हणजे तिकडचा पैसा) सांगितले, मी चाळीस हजार म्हणलं, तिनं कपाळावर हात मारला, मी दोन पावलं पुढं गेले, तिनं बोलावलं, असं करत करत पन्नासला तुटलं. आमचे हे तोवर लांब उभे, तुमच्यासारखेच, एका टोपीकडं फार निरखून बघत. मी पैसे दिले आणि त्या बाईनं काय केलं माहितीय, ती नोट हातात धरून दुकानातल्या सगळ्या मालावर टप टप करत फिरवली, सरोंगच्या ढिगावर, टांगलेल्या शर्टांवर, लाकडाच्या मांजरांवर, तोंडानं "लारिस, लारिस" म्हणत. अहो भवानी! आमची आई पहिल्या गिऱ्हाईकाची नोट कपाळाला लावून मग पेटीत टाकायची, तेच हे. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक तिकडंही परत पाठवत नाहीत, म्हणून भाव लवकर तुटतो. मी तिला खुणेनं दाखवलं आमच्यात कपाळाला लावतात म्हणून, तर तिनं लगेच लावून बघितली, आणि मला एक कागदी पंखा फुकट दिला.

तर परदेशात इज्जत जाईल ही भीती काढून टाका. उलट तिथं वहिनी तुमच्यापेक्षा जास्त रुळलेल्या दिसतील, तुम्ही तयारीत राहा.

पण दादा, मला खरं बोलायचंय ते ता.क. वर. एवढं मोठं पत्र बायकोच्या खर्चावर, आणि ईएमआय शेवटच्या दोन ओळीत! घरात हातातल्या पैशाच्या बाहेर जाऊन खर्च कुणी केलाय ते एकदा बघा. वहिनींची 19 जणांची यादी अजून कागदावरच आहे. तुमचे 58 हजार खर्च झालेत, आणि ते अजून कमवायचे आहेत. मी रागावत नाहीये, बायकोला पहिल्यांदा विमानात बसवायचं म्हणून माणूस असं करतो, मला समजतं. पण ती "परवडत नसेल तर" ची ओळ आठवा. ती वहिनींना लागली नाही, त्या बहुतेक तिथंच उभ्या राहिल्या. तुम्हाला लागली. कारण परवडत नाही हे तोंडानं म्हणायची तुम्हाला चोरी झालीय, दुकानदारापुढं पण आणि घरात पण. बोनस आला असं म्हणालात ते त्यातनंच. चूक असेन तर कळवा.

आणि व्यवहाराच्या दृष्टीनं बघितलं तरी वाईट काय झालंय, की घरातल्या सगळ्यात हुशार गिऱ्हाईकाला तुम्ही खोटा आकडा देऊन ठेवलाय. भाव करणाऱ्या माणसाला दोन गोष्टी माहीत लागतात, मालाची किंमत आणि आपल्या पाकिटात किती आहे. पाकिटाचं तुम्ही चुकीचं सांगितलंत. वहिनींना वाटतंय बोनस आलाय, म्हणून यादी 19 ची झाली असेल. खरं सांगितलं असतं तर ती 8 ची झाली असती आणि तुम्हाला मला पत्र लिहायला लागलं नसतं.

आता तुमचे पर्याय. बाजार नसलेलं पॅकेज असतं तरी का हो? महाबळेश्वरला टॅक्सीवाला नेमक्या एकाच दुकानापुढं गाडी कशी लावतो ते तुम्ही साताऱ्यात राहून बघितलंच असेल. बालीत तेच, चलूकला चांदीचं शोरूम, मासला लाकडाच्या मूर्ती, मग कॉफीचा मळा, तिथं त्या लुवाक नावाच्या मांजरासारख्या जनावराच्या विष्ठेतनं काढलेल्या बियांची महाग कॉफी, बऱ्याच ठिकाणी ती जनावरं पिंजऱ्यात कोंडलेली असतात, बघवत नाही. या सगळ्या थांब्यांवर बऱ्याचदा ड्रायव्हरचं नाहीतर गाईडचं कमिशन असतं, भाव चढे, आणि घासाघीस करायला वहिनींना मोकळीक नाही. म्हणजे बाजार टळणार नाहीच, फक्त महाग पडेल. शिवाय परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे बुकिंग करतानाच आगाऊ इन्कम टॅक्स, कापतात, तो रिटर्न भरून परत मिळतो खरा, पण मिळेपर्यंत तुमचेच पैसे अडकून राहतात.

पैसे सगळे माझ्याकडं, हा दुसरा पर्याय. त्यातले 60 हजार त्यांचे आहेत. एवढंच म्हणते.

ट्रिप रद्द करायचं तुम्ही विचारलं नाहीत, पण दुसऱ्या कुणाच्या मनात येईल म्हणून सांगते, स्वस्तातली तिकिटं रद्द केली की हातात फारसं काही येत नाही आणि ईएमआय चालूच राहतो. तेव्हा जायचं. फक्त जायच्या आधी सांगायचं. विमानतळावर नाही, तिथं पोचल्यावर समुद्राकाठी तर अजिबातच नाही, लोकांना वाटतं मूड चांगला असताना सांगावं, अहो तोच मूड पाच दिवस नासतो. घरी, मुलगी झोपल्यावर, कार्डाचं स्टेटमेंट समोर ठेवून. महिन्याला साडेसहा-सात हजार नऊ महिने जाणार, त्यात व्याज किती, प्रोसेसिंग फी किती, व्याजावर जीएसटी 18 टक्के, मुदतीआधी बंद करायचं झालं तर बँक काय चार्ज लावते ते आधी विचारून ठेवा, कारण त्या विचारणार. "नो कॉस्ट" लिहिलेलं असलं तरी फी आणि जीएसटी बघा. त्या चिडतील. पैशापेक्षा बोनसच्या थापेवर जास्त चिडतील. दोन दिवस घरात भांडी जरा जोरात आपटतील, आपटू द्या. "तुझ्यासाठीच केलं ना" हे वाक्य मात्र त्या दोन दिवसांत तोंडातनं काढू नका.

मग दोघं मिळून हिशोब मांडा. तुम्ही स्टोअरला इन-आउट लिहिता, वही तुमच्याकडं ठेवा, भाव त्यांच्याकडं. मी इथं ढोबळ मांडून दाखवते, बाकीच्या वाचकांनाही उपयोग होईल. आपल्या एका रुपयाला तिकडचे साधारण 185 रुपिया, जायच्या वेळेला बघून घ्या. व्हिसा पोचल्यावर मिळतो, 30 दिवसांचा, माणशी 5 लाख रुपिया, आधी ऑनलाइन काढला तर रांग वाचते. 14 फेब्रुवारी 2024 पासून बालीत परदेशी पर्यटकांना वेगळी पट्टी लागली, माणशी दीड लाख रुपिया. दोघांचं मिळून 13 लाख, घाबरू नका, आपले 7 हजार होतात. हे सगळं सरकारी साईटवरनंच भरा, गुगलवर वरती दिसणाऱ्या एजंटांच्या साईटी सरकारी असल्यासारख्या दिसतात आणि डबल पैसे घेतात. पासपोर्टची मुदत पोचायच्या तारखेपासून सहा महिने पुढं आहे ना ते आजच बघा, पुढच्या महिन्यात जायचंय.

राहायला उबुदमध्ये होमस्टे घ्या, घरगुती, नाश्ता धरून 3 ते 4 लाख रुपियात म्हणजे 1,600 ते 2,100 रुपयांत दोघांची खोली मिळते, पाच रात्रींचे 10 हजार. खाण्याचे सहा दिवसांचे 9 हजार, हे वारुंगमध्ये खाल्लंत तर, वारुंग म्हणजे आपली खानावळ. ड्रायव्हरसकट गाडी दोन दिवस, 7 हजार. स्कूटर, पेट्रोल, ॲपवरची टॅक्सी मिळून 3 हजार. सानुर किनाऱ्यावरनं बोटीनं नुसा पेनिडा बेटावर एक दिवस, दोघांचे 8 हजार धरा. इन्शुरन्स दीड हजार, सातारा-मुंबई जाऊन-येऊन 4, सिमकार्ड 1. तिकिटं धरून 1 लाख 8 हजार 500. राहिले 21 हजार 500. त्यातले निम्मे अडीअडचणीला बाजूला, त्याला हात लावायचा नाही. उरले जवळजवळ 11 हजार, म्हणजे 20 लाख रुपिया. 20 लाख घेऊन बाजारात निघाल्या वहिनी! आणि एकदा का "हे 20 लाख तुझे, यातनं 19 जणांचं, तुझं आणि माझं" असं ठरलं की तुम्ही मध्ये बोलायचं नाही, पार्किंगला पण जायचं नाही.

स्कूटरचं एक राहिलं. तिकडं पण डावीकडनंच चालवतात, त्यामुळं आपल्याला सोपं वाटतं आणि लोक तशीच घेऊन सुटतात. साताऱ्याच्या आरटीओतनं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या, फी 1,000 रुपये, वर्षभर चालतं. ते नसेल आणि पडलात तर इन्शुरन्सवाला हात वर करतो. हेल्मेट घालाच, दोघांनी.

नोटांची सवय व्हायला एक दिवस जातो. एक लाखाची लाल, दहा हजाराची जांभळी, आणि दुकानदार नुसतं "फिफ्टी" म्हणतो तेव्हा त्याला पन्नास हजार म्हणायचं असतं. मागचे तीन शून्य बोटानं झाका, उरलेल्याला साडेपाचनं गुणा, साधारण आपले रुपये आले. पैसे बदलताना बोर्डावरचा सगळ्यात चांगला भाव बघून गल्लीत शिरू नका. आम्ही शिरलो. 100 डॉलर दिले, त्यानं वीस-वीस हजारांच्या नोटांची ही एवढी चळत समोर मोजली, ह्यांनी मोजली, बरोबर होती, मग तो म्हणाला द्या जरा नीट लावून देतो. खोलीवर येऊन मोजल्या तर अकरा नोटा कमी. बँकेत नाहीतर मोठ्या अधिकृत ठिकाणी बदला, आणि शेवटी मोजणारा हात आपला पाहिजे, त्यानंतर ती चळत कुणाच्या हातात द्यायची नाही.

भाव करण्याबद्दल वहिनींना मी काय शिकवणार, पण तिथलं थोडं. "बरापा" म्हणजे कितीला, "बिसा कुरांग" म्हणजे कमी होईल का, आणि समोरच्यानं "हार्गा पास" म्हणलं तर एक भाव, विषय संपला. सांगितलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरू केलं तरी कुणी मारत नाही, निम्म्याच्या आसपास येऊन थांबतं. हसत करायचं. आपण बोललेला भाव समोरच्यानं मान्य केला की घ्यायचंच, तिथं "राहू दे" म्हणणं फार वाईट दिसतं, कोरेगावात पण आणि सुकावतीत पण. उजव्या हातानं पैसे द्यायचे. खानावळीत भाव नाही करायचा. आणि शेवटी पाच हजार रुपियावर अडलं तर सोडून द्या, ते आपले 27 रुपये आहेत, त्या बाईचं तेवढ्यात दूध-साखर भागेल. दुकानांच्या उंबऱ्यापुढं केळीच्या-माडाच्या पानाच्या छोट्या छोट्या परड्या ठेवलेल्या असतात, फुलं, तांदूळ, उदबत्ती, तो नैवेद्य असतो, गर्दीत पाय पडतो, खाली बघून चाला. गुरुवार वगैरे पाळत असाल तर टेंपे आणि तोफू, दोन्ही सोयाबीनचे पदार्थ, सगळीकडं मिळतं, पण लाल चटणीत बऱ्याचदा सुकी कोळंबी वाटून घातलेली असते, आधी विचारा.

आता तुम्हाला न सुचलेली गोष्ट सांगते, हीच मला पत्र वाचताना पहिल्यांदा सुचली. वहिनी ब्लाउज शिवतात. देनपसारमध्ये पासार बाडुंग म्हणून मोठं मार्केट आहे, 2016 मध्ये आगीत जळालं आणि 2019 मध्ये नव्यानं बांधून उघडलं, पर्यटकांचं नाही, तिथल्या लोकांचं, भाजी, मसाले, पूजेची फुलं. त्याला लागूनच जालान सुलावेसी नावाचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंनी नुसती कापडाची दुकानं. तिथल्या बायका देवळात जाताना घालतात त्या केबायाची, म्हणजे अंगात घालायच्या झग्यासारख्या ब्लाउजची, लेस, एंडेक म्हणजे तिकडचं इकत, बाटिक. एंडेक तिकडं सरकारी ऑफिसात दर मंगळवारी घालतात, 2021 मध्ये तसा आदेशच निघाला. एक दिवस वहिनींना तिथं न्या. मीटरभर लेसमध्ये किती बाह्या बसतात ते त्यांना कापड न मोजता कळेल, आणि त्या बाह्यांचे ब्लाउज साताऱ्यात लग्नसराईत कितीला जातील हेही. या खरेदीला शॉपिंग म्हणू नका, तो धंद्याचा माल आहे, त्याचं पान वहीत वेगळं काढा. कदाचित तुमच्या ईएमआयचा एखादा हप्ता त्यातनंच निघेल, आणि मग बघू कोण कुणाला लाजतं. बाटिक घेताना उलट बाजू बघायची, हातानं किंवा ठशानं मेण लावून केलेल्याला दोन्हीकडं रंग जवळपास सारखा असतो, छापलेलं मागनं फिकं. तेंगानान गावात गरिंगसिंग म्हणून कापड विणतात, पाटणच्या पटोल्यासारखं उभे-आडवे दोन्ही धागे आधी बांधून रंगवलेलं, एकेका कापडाला वर्षं लागतात. ते बघा, हात लावा, आणि तिथं निम्म्यानं भाव मागू नका.

यादीबद्दल. 19 जणांना काही ना काही आणलंच पाहिजे, नाहीतर लोक काय म्हणतील, हे तुम्हा दोघांनाही पक्कं वाटतंय असं दिसतंय, भांडण फक्त खर्चाचं आहे. इंडोनेशियात पण अगदी असंच आहे, प्रवासातनं घरच्यांना, शेजाऱ्यांना, ऑफिसात आणायच्या वस्तूंना तिकडं "ओले-ओले" म्हणतात, आणि त्याची ही मोठी मोठी एकभावी दुकानं असतात. तिथं दुधाच्या छोट्या पायचे डबे मिळतात, चपट्या करंजीएवढ्या. दोन-तीन डबे घेतलेत की शेजार, कंपनी, भिशीच्या बायका सगळ्या एका दमात मिटतात, जसं आपण मोती चौकातनं कंदी पेढे घेऊन पाहुण्यांकडं जातो, एकेकाला वेगळा पेढा कोण निवडतंय. वस्तू फक्त ज्यांनी खरंच काही केलंय त्यांना. कराडच्या आजीला पहिली, पाच रात्री चार वर्षांचं पोर सांभाळणार आहेत त्या. मुलीला एक. तुमच्या आईला एक. बाकीच्यांची नावं कोणी घातली, का घातली, हे दोघं बसून एकेक वाचा, अर्धी आपोआप गळतील. सुकावतीत लाकडी ओपनर दिसतील, रंगीत, फुलाफुलांचे, एका विशिष्ट आकाराचे, घाईत चार उचलून पिशवीत टाकू नका, घरी आल्यावर आईंसमोर काढाल आणि मग लाज कशाला म्हणतात ते कळेल.

सामानाचं वजन तिकिटात किती धरलंय तेही बघा. स्वस्त तिकिटात बऱ्याचदा सात किलोची हॅण्डबॅगच असते, आणि येताना काउंटरवर जादा किलोचे पैसे भरले की वहिनींनी पाच दिवसांत वाचवलेलं पाच मिनिटांत जातं. घरी बसून ऑनलाइन आधी घेतलं तर बरंच कमी पडतं.

ज्या वाचकांची तिकिटं अजून काढायची आहेत आणि बजेट याहून कमी आहे त्यांनी अंदमानचा विचार करावा, व्हिसा नाही, नोटा बदलायच्या नाहीत, समुद्र तर काय विचारता. भाव करायला तिथं फारसं काही नाही आणि किनाऱ्यावरचे शंख-प्रवाळ उचलून आणायला बंदी आहे, विमानतळावर बॅगेतनं काढून घेतात.

तुम्ही मात्र बालीला जा. पण स्टेटमेंट काढून बसायच्या आधी, आज-उद्या चहा पिताना, वहिनींना सहज विचारा की महाबळेश्वरची ती चप्पल शेवटी कितीला दिली त्यानं. आणि मला कळवा, माझा अंदाज 220 आहे.